खुर्चीची षष्ठी

शाळेतल्या व्याकरणात राम आंबा खातो, गाय दूध देते आणि शिपाई चोराला पकडतो. पण एवढी धावपळ करून ही मंडळी बसतात कुठं, याचा पत्ता त्या पुस्तकात काही लागत नाही. 1836 साली दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण प्रसिद्ध झालं. तेव्हापासून आजवर व्याकरणावर जे ग्रंथ झाले, ते सगळे कुणी ना कुणी कशावर ना कशावर बसूनच लिहिले असणार. उभ्या उभ्या माणूस फार तर तक्रार लिहील, व्याकरण लिहिणार नाही. तरीसुद्धा ज्या वस्तूनं हा सगळा भार सोसला तिच्या वाट्याला दोन ओळी आलेल्या नाहीत. मला हा अन्याय वाटतो. म्हणून आज खुर्चीवर बसून खुर्चीवरच लिहायचं ठरवलं आहे. (एकच 'वर', पण एकदा बुडाखाली आणि एकदा लेखणीखाली. मराठी ही अशी काटकसरी भाषा आहे.)

आता या शब्दाकडे जरा नीट बघा. त्याच्या शेवटी काय आहे? 'ची'! आणि चा-ची-चे म्हणजे षष्ठीचे प्रत्यय, हे आपण छड्या खाऊन पाठ केलेलं आहे. रामाची टोपी, आजोबांची काठी, सोन्याची साखळी. बाकीच्या बिचाऱ्या वस्तूंना मालक मिळाला की मग हा प्रत्यय भेटतो, आणि तोही मालकाच्या नावाला लागून. खुर्चीनं मात्र तो जन्मतःच आपल्या नावात घालून घेतला आहे. 'कोणाची?' हा प्रश्न पोटात घेऊन जन्माला आलेली घरातली ही एकमेव वस्तू. पुन्हा तिलाच षष्ठी लावायची वेळ आली की पंचाईत बघा. 'खुर्चीची गादी' इथवर ठीक. पण 'साहेबांच्या खुर्च्यांच्या गाद्यांच्या खोळी' हे भरभर पाच वेळा म्हणून दाखवा. 'कच्चा पापड, पक्का पापड' त्यापुढे अगदीच मवाळ आहे.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक आहेत. ते म्हणतात, "अहो, यात अवघड काय आहे? खूर म्हणजे पाय. जनावराला खूर, पलंगाला खूर. तेव्हा जी खुरांची ती खुर्ची!" ही व्युत्पत्ती इतकी गोंडस आहे की ती चुकीची आहे म्हणून सांगताना जिवावर येतं. या जातीच्या व्युत्पत्त्यांचा हाच तर गुण. त्यांना पुरावा लागत नाही, आवाज लागतो. पण खुरांची म्हणून खुर्ची, तर गोठ्यातल्या म्हशीला आपण आजवर खुर्ची का म्हटलं नाही? मी हे विचारलं तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "तिच्यावर बसत नाहीत म्हणून." रेड्याचं वाहन करणाऱ्या यमाची आठवण मी काढली नाही. निवृत्त माणसाशी बोलताना काही विषय टाळलेले बरे.

खरी हकिगत खुरांपेक्षा पुष्कळ लांबची आहे. आपली खुर्ची आली फारसीच्या हातून, फारसीनं ती घेतली अरबीकडून. अरबीत ती 'कुर्सी'. अरबीला ती मिळाली आरामेइक भाषेकडून, आणि त्याही मागे गेलं की आपण थेट मेसोपोटेमियात पोचतो. तिथल्या अक्कादी भाषेत 'कुस्सू' म्हणजे आसन, राजाचं असलं तर सिंहासन. अक्कादीनं हा शब्द सुमेरी भाषेतल्या 'गुझा'वरून उचलला असं पंडित सांगतात. म्हणजे सरासरी चार हजार वर्षांचा प्रवास झाला. यहुद्यांच्या हिब्रूत हाच शब्द 'किस्से' होऊन बसला. कुराणातल्या एका अतिशय पूज्य वचनाला 'आयतुल कुर्सी' म्हणतात, तिथं ही कुर्सी ईश्वराची आहे. आणि आपण काय करतो, तर त्याच घराण्यातल्या शब्दावर चढून पंख्याची पाती पुसतो.

या प्रवासात शब्दाचं बूड बदललं नाही, पण अंगावरचे कपडे बदलले. हिंदीत कुर्सी राहिली. गुजरातीत गेली आणि 'खुरशी' झाली. कानडीत, तेलुगूत तिची 'कुर्ची' झाली. आता नकाशा पुढ्यात घेऊन बघा. गुजरात्याकडे आपल्यासारखा 'ख' आहे, कानडी-तेलुगूकडे आपल्यासारखा 'च' आहे, आणि आपली 'खुर्ची' दोघांच्या बरोबर मधे ठाण मांडून बसली आहे. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी एवढा काथ्याकूट झाला, पण हा पुरावा कुणी पुढे केला नाही.

शेजारीपाजारी अजून गमती आहेत. तमिळ माणसानं उसनवारी केलीच नाही. त्यानं सरळ पाय मोजले आणि 'नार्काली', म्हणजे चार पायांची, असं नाव देऊन मोकळा झाला. गोव्यात पोर्तुगीज आले आणि त्यांची 'कादेइरा' कोकणीत 'कदेल' होऊन ओसरीवर आली. तीच कादेइरा मल्याळीत 'कसेर' आणि बंगालीत 'केदारा' झाली. बरं, ज्या इराणातून आपल्याकडे ही खुर्ची आली, तिथं आता खुर्चीला म्हणतात 'संदली'. आणि 'कोर्सी' म्हणजे? तर एक ठेंगणं मेज. त्याच्याखाली शेगडी, वरून मोठं पांघरूण, आणि थंडीत सगळं कुटुंब त्यात पाय खुपसून भोवती जमिनीवर बसलेलं. ज्यांनी आपल्याला खुर्ची दिली ते स्वतः कोर्सीच्या भोवती खाली बसतात. दात्याचा मोठेपणा म्हणतात तो हाच असावा.

आता लिंगाचा प्रश्न. मराठी घरात वस्तूंना लिंग कसं वाटून दिलं आहे हे कोडं ब्रह्मदेवालाही सुटायचं नाही. पाट तो, खाट ती, कपाट ते. पलंग पुरुष, बाज स्त्री आणि टेबल नपुंसक. अरबीत कुर्सी पुल्लिंगी होती. फारसीत लिंगभेदाची भानगडच नाही, त्यामुळे तिथं ती काही काळ सुखात होती. मराठीच्या उंबऱ्यावर आल्यावर कुणीतरी तिचा दीर्घ ईकार पाहिला आणि म्हणालं, 'ही काठी, छत्री, बरणीच्या ओळीत बसेल.' बसली. (पाणी, लोणी, दही ही मंडळी ईकारान्त असूनही नपुंसक कशी राहिली, ते विचारू नका. त्यांच्या ओळखी जुन्या.)

पण लिंग मिळालं म्हणून जोडीदार मिळाला असं नाही. मराठीत गाडीला गाडा आहे, लोटीला लोटा आहे, डबीला डबा आहे. लहान ती, मोठा तो, हा आपला जुना शिरस्ता. त्या हिशेबानं मंत्रालयात मानेच्याही वर पाठ असलेल्या, हातांना गुबगुबीत गाद्या आणि पायांना चाकं लावलेल्या प्रकरणाला 'खुर्चा' म्हणायला हवं होतं. 'ते खुर्च्यावर बसले' असं वर्तमानपत्रात वाचायला काय बहार आली असती! पण नाही. न्यायाधीशाची असो, न्हाव्याची असो की बालवाडीतल्या पोराची, सगळ्यांची ती खुर्चीच. व्याकरणानं इथं जी समता आणली आहे ती पुढं फर्निचरवाल्यानं बिघडवली.

परका शब्द घरचा झाला की नाही, हे ओळखायची माझी एक साधी कसोटी आहे. त्याचं रूप हलतं का बघा. सून घरात रुळली की सासरच्या रीतीनं वागू लागते, तसा शब्दही यजमान भाषेच्या रीतीनं वाकू लागतो. खुर्ची, खुर्च्या, खुर्च्यांवर. झाली घरची! सोफा, सोफे, सोफ्यावर. हाही घरचा. टेबल आलं इंग्रजीतून, पण 'टेबलावर' म्हणताना आपल्याला ते आठवतसुद्धा नाही. उलट फ्रिज बघा. इतकी वर्षं स्वयंपाकघरात उभा आहे, पण 'दही फ्रिजात ठेव' असं अजून सहसा कुणी म्हणत नाही, 'फ्रिजमध्ये' म्हणतात. त्याचं अजून रेशनकार्डावर नाव चढलेलं नाही. बेडचंही तसंच. त्यावर झोपतो आपण रोज, पण 'बेडवर', 'बेडावर' नाही. आणि 'चेअर' तर पाहुणी ती पाहुणीच. आली, बसली, गेली.

या ठिकाणी शुद्धिवाद्यांचा विचार करणं भाग आहे. मराठीतून परके शब्द काढायचा उद्योग जुना आहे. शिवाजी महाराजांच्या काळी राज्यव्यवहारकोश झाला, आणि 1920च्या दशकापासून सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. तिनं दिलेले महापौर, दिनांक यांच्यासारखे शब्द आज आपण डोळे मिटून वापरतो. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. चांगला शब्द कुठूनही आला तरी चांगलाच. पण खुर्चीला संस्कृत पर्याय शोधायला निघालेल्या एका गृहस्थांनी मला एकदा 'आसंदी' सुचवली. शब्द वेदकाळापासूनचा आहे, भारदस्त आहे, त्याच्यावर बसायचं म्हणजे निदान सोवळं तरी नेसायला हवं असं वाटतं. विद्यापीठांनी दुसरा मार्ग काढला. त्यांनी एखाद्या थोर पुरुषाच्या नावाच्या चेअरला 'अध्यासन' म्हटलं. अध्यासन म्हणजे जिला पाय नसतात पण अनुदान लागतं, अशी खुर्ची.

खरी गंमत पुढेच आहे. इंग्रजांची 'चेअर' आणि गोव्याची 'कदेल' या दोघी सख्ख्या चुलतबहिणी. दोघींची आजी लॅटिन 'कॅथेड्रा', पणजी ग्रीक 'कथेद्रा'. बिशप ज्या आसनावर बसतो ते कॅथेड्रा, म्हणून त्याचं चर्च कॅथेड्रल. या कथेद्राच्या पोटात बसण्याचा जो धातू आहे, तोच आपल्या संस्कृतात 'सद्' म्हणून आहे. त्यावरून सदन, परिषद, सभासद, उपनिषद आणि संसद. म्हणजे रक्ताच्या नात्यानं पाहिलं तर अरबस्तानातून आलेली 'खुर्ची' संस्कृतची कुणीच नाही, आणि इंग्रजी 'चेअर' मात्र संसदेची लांबची मावसबहीण निघते! वंशशुद्धीच्या हिशेबानं चालायचं तर खुर्ची टाकून चेअर घ्यावी लागेल. हे मी त्या आसंदीवाल्या गृहस्थांना समजावून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले. खुर्चीवरच.

आणि शुद्ध मराठी म्हणून जी उरते तिची कथा ऐका. तीन पायांची ती तिपाई, आपल्याकडे तिवई. साहेबानं तिपाई पाहिली, त्याला उच्चार जमला 'टीपॉय'. त्यात 'टी' ऐकू आल्यावर त्याची खात्रीच पटली की ही चहा ठेवायची वस्तू. मग आपण साहेबाचा शब्द मोठ्या हौसेनं परत घरी आणला. आज दिवाणखान्यात चार पायांचा टीपॉय असतो, त्यावर चहाचे कप असतात, आणि त्या शब्दातला 'टी' मूळचा तीनाचा आहे, चहाचा नव्हे, याची कुणाला गंधवार्ता नसते. आपलाच शब्द गोऱ्याच्या घरी राहून आला की आपण त्याला सोफ्यापुढची जागा देतो. माहेरी राहिलेली तिवई मात्र देवघरात नाही तर अडगळीत.

इथवर झालं ते शब्दकोशाचं. पण कोश जे सांगत नाही तेच मला अधिक महत्त्वाचं वाटतं. कोश सांगतो, 'खुर्ची: स्त्रीलिंगी नाम, बसण्याचे आसन.' कुणाच्या बसण्याचे? इथं पुन्हा ती षष्ठी आली.

खुर्चीजवळ मराठीत जी क्रियापदं येतात ती नीट ऐका. साहेब खुर्चीवर 'बसतात'. सभेचे अध्यक्ष 'विराजमान होतात'. जावईबापू 'रेलतात'. आणि गावाकडून कामासाठी आलेला माणूस, लेकीच्या सासरी आलेला बाप, कचेरीत अर्ज घेऊन आलेली विधवा ही माणसं नुसती 'टेकतात'. बुडाचा चतुर्थांश खुर्चीवर, बाकीचा भार पायांवर, केव्हाही उठायची तयारी. टेकणं आणि बसणं यांतला फरक कुठल्याही व्याकरणात दिलेला नाही, पण तो मराठी माणसाला आईच्या दुधाबरोबर कळतो.

आपल्याकडे हा फरक एकेकाळी लेखीसुद्धा होता. एकोणिसाव्या शतकात उत्तर हिंदुस्थानात इंग्रज अंमलदाराच्या भेटीला गेल्यावर कुणाला खुर्ची द्यायची याच्या याद्या असत. ज्याला तो मान त्याला 'कुर्सीनशीन' म्हणत, आणि तसा दाखलाही मिळे. हसू येतं खरं. पण ज्याला दाखला नव्हता त्याला हसू आलं नसणार. तो उभा होता.

आणि खुर्चीच्या गोष्टी लांब राहिल्या, साधी जमिनीवरची जागासुद्धा षष्ठीतून सुटलेली नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेतल्या दिवसांची आठवण लिहून ठेवली आहे. वर्गात त्यांना बसायला वेगळं गोणपाट होतं. शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावत नसे. ते गोणपाट त्या पोरानं संध्याकाळी घरी न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत आणायचं. तोच मुलगा 1947 साली घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. इंग्रजीत अध्यक्षाला 'चेअरमन' म्हणतात, खुर्चीचा माणूस. त्या एका शब्दापर्यंत गोणपाटावरून किती अंतर चालावं लागलं, हे कुठली व्युत्पत्ती सांगणार? अक्कादीपासून मराठीपर्यंतचं अंतर त्यापुढं मला फारसं वाटत नाही.

म्हणून राजकारणातल्या खुर्चीचा जो विनोद आपण दिवसरात्र करतो, तो मला अलीकडे अपुरा वाटू लागला आहे. खुर्चीला चिकटणं, खुर्चीवर डोळा ठेवणं, खुर्ची डळमळणं, आणि काहीच करायचं नसलं तर ती उबवणं, एवढे वाक्प्रचार आपण सत्तेला बहाल केले. 'संगीत खुर्ची' हा लहान मुलांचा खेळ तर वार्ताहरांनी मुलांकडून काढूनच घेतला. विनोद झोंबतोही. 'किस्सा कुर्सी का' या अमृत नाहटांच्या चित्रपटाच्या प्रती आणीबाणीच्या काळात नष्ट करण्यात आल्या आणि 1978 साली तो पुन्हा बनवून दाखवावा लागला. पण या थट्टेत एक गोष्ट निसटते. पूर्वी आपल्याकडे सत्तेची वस्तू होती गादी. साताऱ्याची गादी, कोल्हापूरची गादी. गादी बापाकडून मुलाकडे जाते. तिला उचलून दुसऱ्यासाठी मांडता येत नाही. खुर्ची मांडता येते, ओढता येते, रिकामी करून घेता येते. पाच वर्षांनी का होईना, 'ही कोणाची?' असं विचारता येतं. गादीवरून खुर्चीवर येणं ही घसरण नव्हे. ज्यांना खुर्चीची गादी करायची असते तेच तिला चिकटतात, हा दोष खुर्चीचा नाही.

आज तर ती आणखी खाली आली आहे, आणि फार बरं झालं. एकात एक घालून छपरापर्यंत रचता येणारी प्लॅस्टिकची खुर्ची लग्नाच्या मांडवात आली, तेराव्याला आली, पोलिसचौकीत आणि पारावर आली. तिला ना हुद्दा, ना घराणं. पूर्वी पंगतीला पाटावर बसणं ज्यांच्या गुडघ्यांना पेलत नाही अशा म्हाताऱ्या बायका लग्नाला यायच्याच टाळत. आता त्या येतात, खुर्चीत बसून जेवतात आणि आमटीला नावं ठेवतात. बाबिलोनच्या राजाचं आसन भाड्यानं मिळू लागलं, ही चार हजार वर्षांतली मला सर्वांत चांगली बातमी वाटते.

फक्त घरातली षष्ठी अजून सुटायची आहे. दुपारी कुठल्याही चाळीत किंवा बिल्डिंगमध्ये डोकावा. भांडी घासून झाल्यावर कामाच्या मावशी चहा घेतात. जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या रिकाम्या असतात आणि मावशी भिंतीला टेकून फरशीवर. आमच्याकडे माझ्या पत्नीनं एक दिवस खुर्ची ओढून दिली. म्हणाली, "मावशी, वर बसा." "नको वहिनी, हितंच बरं हाय." "हितं फरशी गार आहे, बसा म्हणते ना." मावशी बसल्या, म्हणजे टेकल्या. कप दोन्ही हातांत धरून, नजर दाराकडे. आठवडाभर तसंच चाललं. मग एक दिवस मी पेपर वाचत होतो, तर पलीकडून खुर्ची करकरली. मावशींनी पाठ मागे टाकली होती आणि पाय लांब केले होते. पत्नीला म्हणत होत्या, "वहिनी, या खुर्चीचा एक पाय लुळा हाय, सुताराला दावा."

ज्या खुर्चीच्या पायाबद्दल माणूस तक्रार करू लागतं, ती खुर्ची त्याची झाली असं खुशाल समजावं. कोशकारांना माझी नम्र सूचना आहे: पुढच्या आवृत्तीत 'खुर्ची' या नोंदीत लिंग, वचन आणि मूळ भाषा दिल्यावर 'टेकणे' आणि 'बसणे' यांतला फरकही द्यावा. जागा कमी पडत असेल तर खुरांची व्युत्पत्ती देऊ नये. मुख्याध्यापकांना मी समजावीन.